शेवटचा फर्मा नसलेली कादंबरी

ग्रंथालयात पुस्तक आलं की आधी त्याला पत्ता लागतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, पुस्तक आलं, कपाटात गेलं, संपलं. पण पुस्तकाच्या पाठीवर खाली एक छोटा चौकोनी कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर आकडा असतो. दोनशेच्या घरात धर्म, पाचशेच्या घरात विज्ञान, आठशेच्या घरात साहित्य. सोलापुरातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात एकतीस वर्षं मी हे आकडे लिहिले. जागा चुकलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक, असं आम्ही ग्रंथपाल मानतो, आणि माझ्या हातून अशी पुस्तकं फार हरवली नाहीत. याचा मला थोडा गर्व होता. तो निवृत्तीआधीच्या चार वर्षांत उतरला. ती गोष्ट मी आजवर घरातही नीट सांगितलेली नाही.

पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक वारले. त्यांच्या मुलीने त्यांची इंग्रजी पुस्तकं आम्हाला देणगी दिली. एकच खोकं, पण दोन माणसांना उचलेना. आत सगळ्या विज्ञान कादंबऱ्या. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या, पानं चहासारखी झालेली, आणि बहुतेकांच्या कव्हरवर कुठल्या ना कुठल्या परदेशी पुरस्काराचा गोल शिक्का. आमच्याकडे इंग्रजी पुस्तक मागणारा वाचक परीक्षेचं पुस्तक मागतो. ही कोण नेणार? तरी आकडे टाकायचे म्हणून मी एकेक घरी नेऊन वाचायला लागलो.

मला वाटलं होतं, रॉकेटं असतील, यंत्रमानव असतील. होतेच. पण रॉकेटमधून माणूस खाली उतरला की पन्नास पानांच्या आत देऊळ यायचं. कुठे अख्खा ग्रह एका आटलेल्या नदीला भिऊन असायचा, कुठे यंत्रं प्रार्थना शिकायची आणि माणसं विसरलेली असायची. लिहिणारे बहुतेक देव न मानणारे दिसायचे, कारण मानणारा माणूस देवाचा इतका विचार करत नाही. देवाला त्यांनी पृथ्वीवरून हाकललं होतं आणि मग पुढच्या ग्रहावर आपणच त्याच्यासाठी जागा साफ करून ठेवली होती. आठशेचा आकडा लिहिताना माझा हात दरवेळी थोडा अडायचा.

मी गुरवाच्या घरातला, म्हणूनही असेल. नातेपुत्याजवळच्या आमच्या गावात देवळाची सेवा वडिलांकडे होती. ते कौल लावायचे. म्हणजे देवाच्या अंगावर ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, फूल आपोआप पडतं का? ते म्हणाले, "पडतं की. कोण पाडतं ते इचारायचं न्हाय. आपण इचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं." मी शिकलो, सोलापुरात नोकरीला लागलो आणि कौलातून सुटलो, असं मला वाटत होतं.

या कादंबऱ्या कुणी नेत नाही म्हणून मी दर शनिवारी दुपारी चार वाजता वाचनकक्षात एक कार्यक्रम सुरू केला. इंग्रजी पुस्तक समोर धरायचं आणि मराठीत सांगत जायचं. सहा-सात माणसं यायची. गणिताचे निवृत्त शिक्षक जोशी सर दर पाच मिनिटांनी "हे शक्य नाही" म्हणायचे आणि पुढच्या शनिवारी सर्वांत आधी येऊन बसायचे. एक बाई कथेत कुठल्याही ग्रहावरचा देव आला की पदर सावरून हात जोडायच्या. मी म्हटलं, अहो, हा लेखकाने रचलेला देव आहे. त्या म्हणाल्या, "असू दे की सर. आपलं काय जातंय?"

आणि यायच्या पद्माक्का.

पद्मावती गड्डम, वय पन्नाशीच्या पुढे. घरची भाषा तेलुगू, शाळा मराठी, आणि मराठी वाचन माझ्या शिक्षक मित्रांना लाजवील असं. आठवड्याला दोन पुस्तकं न्यायच्या. त्यांचे यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. अकरा वर्षांपूर्वी ते एका सकाळी डबा घेऊन सायकलवर कामाला गेले, पाळी संपल्यावर कारखान्यातून निघाले आणि घरी पोचले नाहीत. पोलिसांत तक्रार झाली, नातेवाईक हैदराबादपर्यंत शोधून आले. सायकलसुद्धा मिळाली नाही. पद्माक्का कुंकू लावायच्या, मंगळसूत्र घालायच्या, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं की ऐकू न आल्यासारखं करायच्या.

त्या वर्षी थंडीत मी खोक्यातली एक कादंबरी हातात घेतली. तिचं कव्हर कधीच गेलेलं, सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळे नाव कळायला मार्ग नाही. कुणीतरी जाड पुठ्ठा चढवून पुरस्काराचा शिक्का तेवढा कापून त्यावर डकवला होता. कथा अशी: एका ग्रहावर अखंड वारा. इतका, की माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. लोक हातांनी बोलतात. पण त्यांनी जमिनीखाली खोल एक घर खोदलेलं आहे, जिथे वारा पोचत नाही. वाऱ्यात कुणी हरवलं, की त्याचं माणूस जिना उतरून त्या घरात जातं आणि अंधारात हरवलेल्याचं नाव तीनदा उच्चारतं. आयुष्यात तेवढंच बोलायचं. माणूस जिवंत असेल तर त्याचं नाव त्याच्यापाशीच असतं, ते परत येत नाही. मेला असेल तर नावाला धनी उरत नाही. ते हाक मारणाऱ्याकडे परत येतं.

पृथ्वीवरून गेलेला एक शास्त्रज्ञ या समजुतीला हसतो. घराची मापं घेतो, भिंतींचे दगड तपासतो, प्रतिध्वनीचं गणित मांडतो. जोशी सर फार खूश होते. मग त्या शास्त्रज्ञाची बायको वाऱ्यात हरवते. शोधून शोधून थकल्यावर तो जिन्याच्या तोंडाशी येतो आणि पहिली पायरी उतरतो.

हे ज्या शनिवारी सांगायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी मला कळलं की पुढे पुस्तकच नाही. आमचे बाइंडर हुसेनभाई दुरुस्तीला आले होते, त्यांना दाखवलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्या शिवून बनतं, त्या जुडीला फर्मा म्हणतात. हुसेनभाईंनी शिवणीत बोट घालून बघितलं. "सर, आखरी फर्माच नई इसमें. फटा नई, किसीने धागा काटके निकाला." कुणीतरी शेवटची सोळा पानं दोरा कापून, व्यवस्थित काढून घेतली होती. का, ते आता विचारायला प्राध्यापक नव्हते.

शनिवारी मी ठरवलं होतं की सरळ सांगून टाकायचं, शेवट गहाळ आहे. शास्त्रज्ञ जिना उतरतो इथपर्यंत आलो आणि मान वर केली. पद्माक्का पुढे झुकून बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, मुठी वळलेल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि बोलत राहिलो. तो खाली गेला, त्याने तीनदा नाव घेतलं, बराच वेळ थांबला. नाव परत आलं नाही. तो वर आला, आणि पुढे आयुष्यभर त्या ग्रहावर वाट बघत राहिला. समाप्त.

जोशी सर म्हणाले, "शेवट जरा ढिला वाटतो." पद्माक्का उठून गेल्या.

मंगळवारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना होता. मोठी मुलगी सुजाता, तिचं लग्न ठरलं होतं.

"सर, दीर म्हनत्यात, बापाच्या नावाआधी कै. छापा. सात वर्सं झाली की कायद्यानं बी मेला धरत्यात. पुरोहित म्हनत्यात, आधी पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला जाळा, मग दिवस करा, मग लग्नाचं बघा. आनि त्यानंतर ते परत आले तर? तर म्हनं त्यांचं बारसं करायचं, पुना जन्मल्यावानी." त्यांनी नमुना माझ्या टेबलावर ठेवला. "शुक्रवारी पत्रिका छापायला द्यायचीय. तुमचं ते खालचं तळघर मला एकदा उघडून द्याल का?"

आमच्या इमारतीला तळघर आहे. तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड ठेवतात, जमिनीपासून छतापर्यंत, चारही भिंतींना. कागद आवाज पितो. खाली हाक मारली तर दोन हातांवरच्या माणसाला ती चादरीत गुंडाळल्यासारखी ऐकू येते. तिथे प्रतिध्वनी येणं अशक्य. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मी हो म्हणालो. नाव परत येणार नाही, अक्कांच्या मनासारखं होईल, पत्रिकेवर श्री. छापलं जाईल. पुस्तकाचा शेवट माझा आहे, एवढंच सांगायचं राहिलं. तेव्हा ते सांगायला हवं होतं.

गुरुवारी दुपारी ग्रंथालय बारा ते चार बंद असतं तेव्हा त्या आल्या. बाहेर ऊन, रस्ता ओस. मी मुख्य दार आतून लावून घेतलं. इमारतीत आम्ही दोघंच होतो. तळघराचं दार उघडलं तेव्हा त्या पहिल्या पायरीवर थांबल्या.

"एक अडचण हाय, सर."

"काय, अक्का?"

"त्यांचं नाव मी कवा तोंडानं घेतलंच न्हाय. लग्न झाल्यापासून. पोलिसांत पन दिरानंच सांगितलं." त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. "दिवा बंद करा. आनि तुमी जिन्यात थांबा. एकटीला भ्या वाटतंय."

त्या खाली गेल्या. मी सहाव्या पायरीवर उभा राहिलो आणि दिवा मालवला. माझ्या मागे दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ येत होती, बाकी काळोख. जुन्या कागदाचा तो गोडसर वास.

"राजेशम."

पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही, नुसता श्वास. दुसऱ्यांदा स्पष्ट. तिसऱ्यांदा त्यांनी अशी हाक मारली, की गल्लीच्या टोकाला गेलेला माणूस वळून बघेल. मग शांतता. मी माझे श्वास मोजले, पंधरा झाले असतील. मी दिव्याच्या बटनाकडे हात नेला.

आणि नाव पुन्हा आलं.

मोठ्याने नाही. त्यात दुःख नव्हतं, घाई नव्हती. यादीतलं नाव वाचावं तसं कुणीतरी सावकाश म्हणालं, "राजेशम." आवाज बाईचा होता. अक्कांचाच होता. मला वाटलं, त्या चौथ्यांदा म्हणाल्या. दिवा लावला तेव्हा त्या जिन्याशी पोचल्या होत्या. चेहरा घामाने चमकत होता.

"न्हाय आलं, सर," त्या म्हणाल्या. "नाव परत न्हाय आलं."

मी एवढंच विचारलं, "तीनदाच घेतलंत ना?"

"तीनदाच की. पुस्तकात तसंच हाय न्हवं?"

मी त्यांना दारापर्यंत सोडलं. चौथ्यांदा कोण बोललं, हे मी कुणाला विचारणार होतो?

पत्रिका आली. "श्री. राजेशम गड्डम यांची ज्येष्ठ कन्या." माझ्या टेबलावर ती आठ दिवस पडून होती आणि प्रत्येक वेळी नजर त्या श्री.वर जायची. ऐकलं ते सांगावं, तर काय सांगणार? रचलेल्या कादंबरीतल्या रचलेल्या धर्माच्या रचलेल्या विधीत मला उत्तर मिळालं म्हणून? जोशी सरांनी मला दवाखान्यात नेलं असतं. आणि न सांगावं, तर एक बाई माझ्या बनवाबनवीवर उरलेलं आयुष्य वाट बघत काढणार. मी न सांगणं निवडलं. सोपं तेच होतं.

लग्नाला गेलो. कन्यादान दिराने केलं. अक्का हिरव्या साडीत, कपाळभर कुंकू, सगळ्यांना आग्रहाने वाढत होत्या. मुलाकडच्या बायका आपापसात बोलत होत्या, ते त्यांनी ऐकलं असणारच. मी जेवण अर्ध्यावर सोडून उठलो.

शनिवारचं वाचन मी बंद केलं. प्रकृतीचं कारण सांगितलं. पुढे कित्येकदा दुपारी तळघरात उतरून मी हाका मारून बघितल्या. "हॅलो" म्हटलं, "कोण आहे" म्हटलं, दार उघडं ठेवून, बंद ठेवून. कागदाने सगळं पिऊन टाकलं. एकदा वडिलांचं नाव ओठांवर आलं होतं. ते जाऊन वीस वर्षं झाली होती. मी तोंड घट्ट मिटून वर आलो. त्या कादंबरीची पुरी प्रत शोधणं आज अवघड नाही. कथा सांगितली तर मोबाइलवर कुणीही नाव काढून देईल. मी ते केलेलं नाही. त्या शास्त्रज्ञाने खरोखर काय ऐकलं, हे मला कळायला नको आहे.

पुढच्या उन्हाळ्यात एमआयडीसीच्या मागच्या बाजूला एका रानात बिनकठड्याची जुनी विहीर होती, ती बुजवायची म्हणून आधी पाणी उपसलं. तळाच्या गाळात सायकल सापडली. माणसाची हाडं सापडली. आणि स्टीलचा डबा. आपल्याकडे भांडं घेताना दुकानदाराकडून त्यावर नाव घालून घेतात, तसं झाकणावर नाव कोरलेलं होतं. गाळ पुसल्यावर ते स्वच्छ वाचता आलं. कारखान्यातले कामगार त्या रानातून आडवाट काढायचे. राजेशम विहिरीत कसे पडले, ते कुणालाच कळलं नाही. पण पडले ते त्याच दिवशी, कामावरून घरी येताना. मी जिन्यात उभा होतो तेव्हा ते कधीचेच नव्हते.

दिवस झाल्यावर मी अक्कांच्या घरी गेलो. पूर्व भागातली गल्ली, दोन्ही बाजूंना घराघरांत माग चालू, खटखट इतकी की शेजारी बसलेल्यालाही मोठ्याने बोलावं लागतं. अक्का जमिनीवर बसल्या होत्या. कपाळ मोकळं होतं. त्यांना तसं मी पहिल्यांदाच बघत होतो.

मी सगळं बोलून टाकलं. "अक्का, त्या पुस्तकाला शेवट नव्हता. तो मी मनाने सांगितला."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "पुस्तक हातात हुतं, पन तुमी पान उलटत न्हवता."

तरी मी पुढे बोललो. "आणि त्या दिवशी तळघरात… तुम्ही नाही म्हणालात. पण मी ऐकलं होतं. नाव परत आलं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही.

"मलाबी आलं हुतं ऐकू, सर. पोरीच्या लग्नात मला पांढऱ्या कपाळानं हुभं राहायचं न्हवतं. एवढं एक लग्न पार पडू दे, म्हनून खोटं बोलले. तवाच कळलं हुतं मला, ते न्हाईत म्हनून." मग त्या थोडं पुढे सरकल्या. "तुमच्यावर राग न्हाय. आधी मन राखायला शेवट गोड केलाव, मग तुमालाच राहवलं न्हाय. खरं सांगून टाकलाव. लई उपकार झाले."

"मी काय सांगितलं?"

"नाव घेतलाव की, जिन्यातनं. मी वळखला तुमचा आवाज."

मी म्हटलं, मी तर तुमचा आवाज ऐकला. म्हणजे म्हणणार होतो. सहाव्या पायरीवर मी तोंड उघडलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण समोर अक्का माझ्याकडे बघत होत्या, आणि मी गप्प आहे हे त्यांच्या ध्यानात येत चाललं होतं. इतकी वर्षं मी त्यांना बघत आलो होतो. त्यांच्या डोळ्यांत भीती पहिल्यांदाच दिसली.

"तुमीच हुता की, सर?"

"होय, अक्का," मी म्हणालो. "मीच."

त्यांनी श्वास सोडला. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, म्हणाल्या, बसा, चहा टाकते, आणि पाण्याचं भांडं हातात घेतलं. तेवढ्यात गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. वीज गेली असावी. इतकी शांतता त्या गल्लीत मी कधी ऐकली नव्हती. अक्का भांडं धरून तशाच उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून. मीही हललो नाही. वीज परत येईपर्यंत आम्ही दोघं कान देऊन थांबलो होतो.